नामांकित निवासी शाळा की मुलाला मानवणारी शाळा: सहावीच्या प्रवेशाआधी पालकांनी करायची तपासणी

पाचवीतल्या मुलाचे नाव सैनिक स्कूलच्या किंवा नवोदयच्या निवड यादीत येते आणि त्याच दिवशी घरातला विचार जवळजवळ संपतो. नातेवाइकांचे फोन येतात, शिकवणीचे संचालक मुलाचा फोटो चौकातल्या फलकावर लावतात, शाळेत सत्कार होतो, आणि मग ‘पाठवायचे की नाही’ असे विचारणेसुद्धा कृतघ्नपणाचे वाटू लागते. म्हणून पुढे सांगितलेली बहुतेक कामे निकालाची वाट न पाहता, अर्ज भरण्याच्या सुमारास किंवा त्याहीआधी, मूल चौथीतून पाचवीत जात असतानाच हाती घ्यावीत. तेव्हा ‘नको’ म्हणणे सोपे असते आणि त्यात कोणाचा अपमानही होत नाही.

नामांकित शाळा आणि मुलाला मानवणारी शाळा कधी एकच निघते, कधी निघत नाही. माझे मत स्पष्ट आहे: दहा-अकरा वर्षांच्या मुलासाठी निवासी शाळा निवडताना वसतिगृहातला चोवीस तासांचा दिवस आधी पाहावा, वर्गातले शिक्षण त्यानंतर पाहावे आणि शाळेच्या नावाचा विचार सर्वांत शेवटी करावा. बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा असतो, आणि पुढे ज्या तक्रारी निघतात त्यांतल्या फार थोड्या गणिताच्या किंवा विज्ञानाच्या असतात. झोप, जेवण, आजारपण, मोठ्या मुलांचा जाच आणि एकटेपणा यांच्याच त्या जास्त असतात.

पायरी १: समोरची शाळा नेमकी कोणत्या प्रकारची आहे ते ठरवा

महाराष्ट्रात ‘सैनिकी शाळा’ म्हटले की किमान तीन वेगळ्या व्यवस्था एकाच नावाखाली येतात. पहिली व्यवस्था संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील सैनिक स्कूल सोसायटीच्या मूळ शाळांची. देशातील अशी पहिली शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात सुरू झाली आणि २०१९ मध्ये चंद्रपूरची शाळा उघडली. दुसरी व्यवस्था २०२१ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या भागीदारी तत्त्वावरील नव्या सैनिक स्कूलची. यात एखाद्या संस्थेची, खासगी व्यवस्थापनाची किंवा राज्य सरकारची शाळा सोसायटीशी जोडली जाते. प्रवेश परीक्षा तीच असते आणि नावही तेच मिळते, परंतु इमारत, वसतिगृह, भोजनगृह, बहुतेक कर्मचारी आणि शुल्क हे त्या त्या संस्थेचे असते. तिसरी व्यवस्था राज्य शासनाच्या ‘प्रत्येक जिल्ह्यात एक सैनिकी शाळा’ या धोरणातून उभ्या राहिलेल्या शाळांची. या शाळा स्थानिक संस्था चालवतात आणि त्यांचा दर्जा एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेल्यावर पार बदलतो. याशिवाय नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलसारख्या, १९३७ पासून स्वतःच्या परंपरेने चालणाऱ्या खासगी शाळा आहेतच. ‘सैनिक स्कूलला नंबर लागला’ एवढ्या वाक्यावरून मूल यांतल्या कोणत्या ठिकाणी राहणार आहे ते कळत नाही, म्हणून माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर शाळा चालवते कोण हे आधी शोधावे.

जवाहर नवोदय विद्यालयांची गोष्ट वेगळी आहे. १९८५-८६ मध्ये हरियाणातील झज्जर आणि आपल्याकडील अमरावती येथे प्रयोगादाखल पहिली दोन विद्यालये सुरू झाली. ग्रामीण भागातील हुशार मुलांना चांगले निवासी शिक्षण मोफत मिळावे हा त्यामागचा हेतू होता, आणि म्हणूनच आजही किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी व एक तृतीयांश जागा मुलींसाठी असतात. मूल ज्या जिल्ह्यात राहते त्याच जिल्ह्यात पाचवीत शिकत असले पाहिजे आणि सहावीसाठीची ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. ही एकच संधी असल्यामुळे पालक घाबरून निर्णय घेतात. नववीत रिक्त जागांसाठी वेगळी निवड परीक्षा होते, हे त्यांना कोणी सांगत नाही.

तिसरा गट पूर्ण शुल्क घेणाऱ्या खासगी निवासी शाळांचा. पाचगणीतील जुन्या शाळा, डेहराडूनची १९३५ साली सुरू झालेली दून स्कूल, राजगुरुनगरजवळ टेकडीवर १९९५ पासून चालणारी तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्ती यांच्या फाउंडेशनची सह्याद्री स्कूल ही त्यातली ठळक नावे. एकाच गटात ठेवली तरी या शाळा एकमेकींसारख्या मुळीच नाहीत. दून स्कूल केवळ मुलांची आहे आणि तिथे हाऊसमधील, म्हणजे वसतिगृहाच्या गटांमधील स्पर्धा, खेळ आणि पुढारपण यांवर भर असतो. कृष्णमूर्तींच्या विचारावर चालणाऱ्या शाळा मुलांची एकमेकांशी तुलना आणि बक्षिसांची चढाओढ जाणीवपूर्वक टाळतात. जे मूल स्पर्धेत फुलते ते दुसऱ्या प्रकारच्या शाळेत कंटाळू शकते, आणि जे मूल तुलनेने कोमेजते त्याला पहिल्या प्रकारची शाळा जड जाते. यांत चांगली किंवा वाईट शाळा कोणतीही नाही.

पायरी २: नावातून प्रत्यक्षात काय मिळते ते सुटे करून लिहा

शाळेच्या नावाला किंमत नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. ते नाव नेमके काय देते हे मात्र एका कागदावर वेगवेगळे लिहून काढावे, म्हणजे त्यातले आपल्या मुलाच्या उपयोगाचे किती हे दिसते.

पहिली देणगी म्हणजे निवडलेले सोबती. हजारो मुलांतून आलेल्या ऐंशी किंवा शंभर मुलांबरोबर वाढणे ही मोठी गोष्ट आहे, आणि खेड्यातल्या एखाद्या हुशार मुलाला बरोबरीचे मित्र प्रथमच तिथे भेटतात. परंतु याच कारणाने त्या शाळेचा दहावीचा निकाल जरा जपून वाचावा लागतो. मुळातच परीक्षा घेऊन निवडलेल्या मुलांचा निकाल चांगला लागणे स्वाभाविक असते आणि त्यावरून शिकवण्याचा दर्जा सिद्ध होत नाही. त्यापेक्षा शाळेला असे विचारावे की सहामाहीत मागे पडलेल्या मुलांसाठी तुम्ही काय करता, कोण करते आणि कोणत्या वेळेला करते. उत्तरात वेळ आणि व्यक्ती आली तर काम होत असते. ‘आम्ही सगळ्यांकडे वैयक्तिक लक्ष देतो’ एवढेच ऐकायला मिळाले तर उत्तर मिळालेले नाही असे समजावे.

दुसरी देणगी माजी विद्यार्थ्यांच्या ओळखीची. जुन्या खासगी शाळांत ती खरोखर मोठी असते, पण तिचा लाभ मिळायला पंधरा-वीस वर्षे जातात आणि तोही शाळेत रमलेल्या, तिथे मित्र जोडलेल्या माणसालाच मिळतो. सात वर्षे कोपऱ्यात बसून काढलेल्या मुलाला त्या ओळखीचा उपयोग होत नाही. म्हणजे शाळा मुलाला मानवली नाही तर नावाचा हा फायदाही हातातून जातो.

तिसरी गोष्ट राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, जिला सगळे एनडीए म्हणतात. सैनिक स्कूलचा मूळ हेतूच मुलांना तिथे जाण्यासाठी तयार करण्याचा आहे, आणि त्यासाठी लागणारी शारीरिक सवय, शिस्त आणि वातावरण तिथे मिळते यात शंका नाही. मात्र प्रबोधिनीचा प्रवेश केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून होतो. लेखी परीक्षा ९०० गुणांची आणि मुलाखत मंडळाची चाचणी ९०० गुणांची असते, आणि त्यात शाळेच्या नावाला एकही गुण नाही. कोणत्याही शाळेतून बारावी करणारा, वयात आणि प्रकृतीने बसणारा मुलगा किंवा मुलगी ती परीक्षा देऊ शकते. महाराष्ट्रात तर दहावीनंतरचाही मार्ग आहे: छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली एसपीआय, १९७७ पासून याच तयारीसाठी चालते आणि मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला सुरू झाली आहे. आठवीच्या प्रवेशासाठी डेहराडूनचे १९२२ सालचे राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज आहे, ज्याची परीक्षा आपल्याकडे पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद वर्षातून दोनदा घेते. तेव्हा सहावीत गेला नाही तर सैन्याचे दार बंद झाले, या भीतीने निर्णय घेण्याचे काहीच कारण नाही.

पायरी ३: ही इच्छा कोणाची आहे ते तपासा

ही पायरी लहान आहे, पण तिला वगळू नये. आईने आणि वडिलांनी वेगवेगळे बसून एका प्रश्नाचे उत्तर लिहावे: आपले मूल कोणत्या शाळेत शिकते हे गावात आणि नात्यात कोणालाही कधीच कळणार नसेल, तरीही आपण त्याला या शाळेत पाठवू का? उत्तर ‘हो’ असेल तर त्याची तीन कारणे लिहावीत. कारणे मुलाबद्दलची असली, म्हणजे त्याला मैदान हवे आहे, गावात पाचवीनंतर चांगली शाळा नाही, घरात अभ्यासाला शांतता नाही, तर विचार योग्य वाटेवर आहे. वडिलांना स्वतःला सैन्यात जायचे होते आणि जमले नाही, हे कारण मनापासूनचे असते, त्याचा आदर करायला हवा, पण ते दहा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर ठेवता येत नाही.

घरातल्या एखाद्या अडचणीवर उपाय म्हणून मुलाला बाहेर ठेवायचे असेल, तर तेही स्वच्छपणे मान्य करावे. वारंवार बदल्या होणारी नोकरी, आजारपण, ऊसतोडीसाठी वर्षातले सहा महिने बाहेर राहणे ही वसतिगृह शोधण्याची खरी आणि रास्त कारणे आहेत. अशा वेळी घरापासूनचे अंतर आणि रात्री मुलांची काळजी घेणारी माणसे हे निकष सर्वांत वर जातात. शाळा नामांकित आहे की नाही याला मग फारसे महत्त्व राहत नाही.

पायरी ४: मुलाचा स्वभाव आणि तयारी जवळून पाहा

मुलाची हुशारी परीक्षेत कळते. वसतिगृहात राहण्याची तयारी परीक्षेत कळत नाही, ती घरी पाहावी लागते.

भाषेपासून सुरुवात करावी, कारण मराठी माध्यमाच्या मुलांची सर्वांत मोठी फसगत इथेच होते. सैनिक स्कूलची सहावीची प्रवेश परीक्षा मराठीतून देता येते. १२५ प्रश्न, ३०० गुण, आणि त्यातले निम्मे म्हणजे १५० गुण गणिताचे असतात. मूल ती मराठीतून उत्तम सोडवते, निवडले जाते, आणि जूनमध्ये पहिल्या दिवसापासून सगळे विषय इंग्रजीतून समोर येतात. हुशार मुले यातून बाहेर येतात, पण पहिले वर्ष कठीण जाते आणि याच वर्षी घराचीही सवय सुटायची असते. नवोदयमध्ये सातवी-आठवीपर्यंत साधारणपणे प्रादेशिक भाषेचा आधार असतो आणि इंग्रजी-हिंदीकडे जाणे टप्प्याटप्प्याने होते. मराठी शाळेतून येणाऱ्या, बोलायला बुजणाऱ्या मुलासाठी हा फरक शाळेच्या नावापेक्षा कितीतरी मोठा आहे. दुसरीकडे, नवोदयमध्ये नववीत काही मुलांना एका वर्षासाठी हिंदीभाषक राज्यातल्या विद्यालयात पाठवले जाते. या स्थलांतराचे प्रमाण ३० टक्के ठेवलेले आहे. एखाद्या मुलासाठी हे वर्ष आयुष्यभराची श्रीमंती ठरते आणि एखाद्यासाठी ते दुसऱ्यांदा घर सुटण्यासारखे असते, म्हणून प्रवेश घेतानाच ते लक्षात घ्यावे.

त्यानंतर प्रकृती. दमा, वारंवार सर्दी, अपस्मार, त्वचेचे विकार असतील तर सातारा-पाचगणीच्या पावसाचा आणि गारठ्याचा विचार बालरोगतज्ज्ञाबरोबर करावा. सैन्यात जाण्याच्या हेतूने सैनिक स्कूल निवडत असाल तर दृष्टी, रंग ओळखण्याची क्षमता, ऐकणे आणि सपाट तळपाय यांची तपासणी आधीच करून घ्यावी, कारण वैद्यकीय निकषांत मुळीच न बसणाऱ्या मुलाला सात वर्षे त्या एका ध्येयाभोवती वाढवणे क्रूर आहे. रात्री अंथरूण ओले होण्याची सवय दहाव्या-अकराव्या वर्षीही काही मुलांना असते. ती लपवून मुलाला वसतिगृहात पाठवू नये. घरी उपचार पूर्ण करावेत, किंवा मेट्रनला, म्हणजे वसतिगृहात मुलांची काळजी घेणाऱ्या बाईंना, आधी सांगून ती हे किती मायेने हाताळते ते पाहावे.

मग दैनंदिन गोष्टी. मूल स्वतः उठते का, आपले कपडे आणि बूट सांभाळते का, न आवडणारी भाजी खाऊन घेते का, आणि या सगळ्याहून महत्त्वाचे म्हणजे काही दुखले-खुपले तर मोठ्या माणसाला जाऊन सांगते का? स्वतःहून मदत मागणारे मूल वसतिगृहात तरून जाते, मग ते थोडे रडवे असले तरी हरकत नाही. सगळे मनात ठेवणाऱ्या, शहाण्या आणि शांत मुलाची मला जास्त काळजी वाटते, कारण ते ‘बरे आहे’ म्हणते आणि सगळ्यांना ते खरे वाटते. मे महिन्यात मुलाला आई-वडिलांशिवाय आठ-दहा दिवस मावशीकडे किंवा एखाद्या निवासी शिबिरात ठेवावे, रोज फोन करू नये, आणि परत आल्यावर ते काय सांगते यापेक्षा पुन्हा जायला तयार होते का हे पाहावे.

येथे निवासी शिकवणीवर्गांबद्दल बोलणे भाग आहे. नवोदय-सैनिक स्कूलच्या तयारीसाठी चौथीतल्या मुलांना वर्षभर वसतिगृहात ठेवणारे वर्ग राज्यात गावोगावी निघाले आहेत. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला अशा ठिकाणी ठेवू नये असे माझे ठाम मत आहे. प्रवेश मिळाला तरी मूल थकून तिथे पोहोचते, आणि नाही मिळाला तर घरापासून दूर काढलेल्या त्या वर्षाचे ओझे त्याच्याच मनावर राहते. रोज घरी तास-दीड तास सराव करून जी परीक्षा मुलाला जमत नाही, त्या परीक्षेमागची शाळा बहुधा त्याच्या गतीची नसते.

पायरी ५: घरबसल्या कागद तपासा

भेटीला जाण्याआधी अर्धे काम संगणकावर होते. शाळा सीबीएसईची असेल तर तिच्या संकेतस्थळावर अनिवार्य जाहीर माहितीचे पान असणे मंडळाने बंधनकारक केले आहे. त्यात संलग्नता क्रमांक, इमारतीच्या सुरक्षिततेचे आणि अग्निशमनाचे प्रमाणपत्र, शिक्षकांची संख्या आणि मागील तीन वर्षांचे निकाल द्यावे लागतात. ते पान आहे का, आणि प्रमाणपत्रांची मुदत उलटून तर गेलेली नाही ना, हे पाहावे. संलग्नता क्रमांक मंडळाच्या संकेतस्थळावर ताडून घ्यावा, कारण ‘सीबीएसई पद्धतीने शिकवणारी’ शाळा आणि सीबीएसईशी संलग्न शाळा यांत मोठा फरक असतो. भोजनगृहाला अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना आहे का ते विचारावे. वसतिगृहातील रेक्टर, मेट्रन, चालक आणि स्वयंपाकी यांची पोलीस पडताळणी झाली आहे का, हा प्रश्न लेखी पाठवावा आणि उत्तरही लेखी मागावे.

मुलांच्या तक्रारींसाठी समिती आहे का, तिच्यात कोण आहे, हेही याच पत्रात विचारावे. बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे, शाळेवरही, आणि ‘आम्ही आतल्या आत मिटवतो’ असे अभिमानाने सांगणारी शाळा तिथल्या तिथे यादीतून काढून टाकावी.

पायरी ६: शाळा संध्याकाळी आणि पावसाळ्यात पाहा

बहुतेक पालक स्नेहसंमेलनाला किंवा प्रवेशाच्या दिवशी शाळा पाहतात. त्या दिवशी सगळ्याच शाळा सुंदर दिसतात. शक्य असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये, साध्या कामाच्या दिवशी, दुपारी चार ते रात्री नऊ या वेळेत परवानगी घेऊन जावे. परवानगी नाकारली तर कारण विचारावे. सुरक्षिततेसाठी सर्व पालकांना सारखाच नियम असेल तर तो समजून घ्यावा, पण वसतिगृह कोणालाच कधीच दाखवत नाहीत असे असेल तर तेच उत्तर समजावे.

पावसाळ्यातली भेट ही माझी खास शिफारस आहे, कारण तेव्हा एक साधा प्रश्न सगळे उघड करतो: मुलांचे कपडे कुठे वाळतात? साताऱ्या-पाचगणीच्या बाजूला चार-चार दिवस ऊन पडत नाही. चांगल्या शाळेत त्यासाठी पत्र्याची शेड, गरम हवेची खोली किंवा धुलाईची व्यवस्था असते आणि प्रत्येक मुलाचे कपडे क्रमांक घालून परत येतात. जिथे ही सोय नसते तिथे ओले मोजे पलंगाच्या कडेला टांगलेले दिसतात, दमट चड्डी-बनियन तसेच अंगावर चढते आणि नायटा उठतो. कपड्यांची अशी हेळसांड असते तिथे एकाकडून दुसऱ्याला लागणारी खरूजही लवकर लक्षात येत नाही. मुलांच्या बोटांच्या बेचक्यांकडे सहज नजर टाकावी. खाजवून लाल झालेल्या बेचक्या पुष्कळ मुलांच्या हातावर दिसल्या, तर त्या वसतिगृहात लहान मुलांच्या अंगाकडे रोज पाहणारे कोणी नाही हे समजते.

रात्रीच्या जेवणाच्या वेळी भोजनगृहात एका बाजूला शांत उभे राहावे. सहावीची मुले कुठे बसतात, भाजी दुसऱ्यांदा घ्यायला ती मोकळेपणी उठतात की मोठ्या मुलांचे आटोपेपर्यंत ताट घेऊन थांबतात, त्यांच्या टेबलावर एखादा शिक्षक जेवायला बसलेला असतो की सगळे शिक्षक वेगळ्या टेबलावर असतात, कोणाचे ताट अर्धे राहिले तर त्याला कोणी विचारते का, हे पंधरा मिनिटांत दिसते. मोठी मुले लहानांना कसे वागवतात हे भिंतीवरच्या फलकापेक्षा या पंधरा मिनिटांत अधिक खरे वाचता येते.

मग प्रश्न विचारावेत, आणि ते मुख्याध्यापकांपेक्षा हाऊस मास्टर, रेक्टर आणि मेट्रन यांना विचारावेत, कारण मूल त्यांच्याबरोबर राहणार असते. तुम्ही इथे किती वर्षे आहात? तुमच्याकडे किती मुले आहेत? रात्री दोन वाजता मुलाच्या पोटात दुखले तर ते कोणाला उठवते आणि त्या व्यक्तीची खोली किती लांब आहे? मागील वर्षी सहावीत आलेल्यांपैकी किती मुले परत गेली आणि का? मोठ्या मुलांनी त्रास दिल्याची शेवटची तक्रार केव्हा आली आणि तुम्ही काय केले? या शेवटच्या प्रश्नाला ‘आमच्याकडे असे होतच नाही’ हे उत्तर मिळाले तर मला ते काळजीचे वाटते. शेकडो मुले एकत्र राहतात तिथे हे होतेच. जो रेक्टर थोडा थांबतो, एक प्रसंग सांगतो, कोणाला बोलावले, पालकांना केव्हा कळवले, त्यानंतर दोन्ही मुलांकडे कसे लक्ष ठेवले हे सांगतो, त्याच्याकडे मूल सोपवता येते.

फोनचा नियम स्पष्ट समजून घ्यावा. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी फोन हा नियम कडक असला तरी योग्य असू शकतो. त्या फोनवर बोलताना शेजारी शिक्षक उभे असतात का, आणि ठरलेल्या वेळेबाहेर मुलाला फार गरज वाटली तर काय, एवढे विचारावे. लहान मुलांना १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक माहीत आहे का, तो शयनगृहात कुठे लावला आहे का, हेही पाहावे.

जमल्यास त्या शाळेत सध्या सातवीत किंवा आठवीत असलेल्या दोन मुलांच्या घरच्यांशी बोलावे. बारावी होऊन गेलेले विद्यार्थी शाळेबद्दल प्रेमानेच बोलतात, कारण त्यांची आठवण निवळलेली असते. सातवीतल्या मुलाची आई मात्र पहिल्या वर्षाचे खरे चित्र सांगते.

पायरी ७: सात वर्षांचा हिशोब मांडा

नवोदयमध्ये राहणे, जेवण, गणवेश आणि पाठ्यपुस्तके मोफत असतात. नववीपासून काही विद्यार्थ्यांकडून विद्यालय विकास निधी घेतला जातो, आणि त्यातून मुलींना, अनुसूचित जाती-जमातींच्या व दारिद्र्यरेषेखालील मुलांना सूट आहे. दून स्कूलसारख्या ठिकाणी वर्षाचे शुल्क दहा लाखांच्या पुढे जाते. मधल्या शाळांचे शुल्क पहिल्या वर्षी परवडणारे वाटते, म्हणून हिशोब पूर्ण मुदतीचा करावा. समजा शुल्क आज वर्षाला दीड लाख आहे आणि दर वर्षी दहा टक्क्यांनी वाढते. तर सहावी ते बारावीच्या सात वर्षांत साधारण सव्वाचौदा लाख लागतात, साडेदहा लाख नव्हे. शिवाय अनामत रक्कम, ट्रंक-गाद्या-गणवेशांचा पहिला खर्च, प्रवास आणि सहली वेगळ्या. सैनिक स्कूलमध्ये उत्पन्नानुसार राज्य शासनाच्या शिष्यवृत्त्या मिळतात, त्यांच्या अटी आणि रक्कम कोणत्या महिन्यात जमा होते हे शाळेच्या कार्यालयात विचारून घ्यावे. जमीन गहाण ठेवून नावाजलेल्या शाळेचे शुल्क भरू नये. मुलाला ते कळते, आणि मग ते शाळा आवडत नसली तरी तोंड उघडत नाही.

पायरी ८: निकष आधी ठरवा, निर्णय नंतर घ्या

शाळा पाहायला जाण्याआधीच आपल्या दृष्टीने महत्त्वाचे पाच-सहा निकष लिहून त्यांना क्रम द्यावा. भेटीनंतर क्रम लावायला बसले की मोठे मैदान आणि जुनी दगडी इमारत पाहून तो आपोआप बदलतो. दोन गोष्टींना मात्र क्रमात ठेवू नये, कारण त्यांची भरपाई दुसऱ्या कशाने होत नाही. पहिली, रात्रीची सुरक्षितता. दुसरी, मुलाचा ठाम आणि पुन्हा पुन्हा व्यक्त होणारा नकार. बाकी सगळे उत्तम असले तरी यांपैकी एक गोष्ट आडवी आली तर त्या शाळेचा विचार सोडावा.

मुलाचा होकार मिळवताना ‘जाशील ना रे बाळा?’ असे विचारू नये. त्याचे उत्तर आपल्या चेहऱ्यावर आधीच लिहिलेले असते. त्याऐवजी मुलाला शाळेचा दिवस तासातासाने सांगावा: पहाटे साडेपाचला उठणे, कवायत, नाश्ता, वर्ग, खेळ, संध्याकाळी प्रेप म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसून करायचा अभ्यास, दहाच्या आत दिवे बंद, रविवारी कपडे आवरणे. मग विचारावे की यातले तुला काय आवडेल आणि कशाची भीती वाटते. भीती सांगितली तर ती खोडून काढू नये, लिहून घ्यावी आणि शाळेच्या भेटीत मुलाच्या समोरच त्याबद्दल विचारावे. ज्या मुलाला आपली भीती ऐकली गेली असे वाटते, ते पुढेही घरी खरे सांगते.

मुलीच्या बाबतीत आणखी काही तपासावे लागते. सैनिक स्कूलमध्ये मुलींना २०२१-२२ पासून सर्वत्र प्रवेश मिळतो, त्यामुळे कित्येक शाळांत त्यांची संख्या अजून थोडी आहे. मुलींच्या वसतिगृहात स्त्री रेक्टर रात्री तिथेच राहते का, पाळीच्या दिवसांत कवायतीतून सूट मागायला कोणाकडे जावे लागते, आणि त्या वर्गात एकूण किती मुली आहेत, हे विचारावे. चार-पाचच मुली असतील तर त्यांच्यातले एक भांडणही एखादीला पूर्ण एकटे पाडू शकते.

पायरी ९: पहिले सत्र आणि परतीची वाट

प्रवेश घेतानाच शुल्क परताव्याचे नियम लेखी घ्यावेत आणि गावातल्या शाळेशी संबंध तोडू नयेत. पहिले दीड-दोन महिने बहुतेक मुले रडतात, फोनवर ‘न्यायला ये’ म्हणतात, आणि त्याच काळात मित्रही जोडत असतात, म्हणून पहिल्या रडण्यावर धावत जाऊन मुलाला आणू नये. दिवाळीच्या सुट्टीत मात्र नीट पाहावे. वजन बरेच घटले आहे का, झोपेत दचकते का, मित्रांची नावे सांगते का, एखाद्या शिक्षकाबद्दल आपण होऊन बोलते का, सुट्टी संपत आल्यावर नुसती खिन्नता आहे की ताप आणि उलट्या होईपर्यंतची धास्ती आहे? नावे सांगणारे मूल बहुधा रुळत असते. एकही नाव न सांगणाऱ्या मुलासाठी रेक्टरांना भेटायला दुसऱ्याच दिवशी जावे.

शाळा मानवत नाही असे दिसले तर निर्णय आठवी संपण्याच्या आत घ्यावा. आठवीपर्यंत मंडळ बदलून परत येणे फारसे अवघड नसते. नववीत सीबीएसईची विद्यार्थी नोंदणी होते आणि दहावीत थेट शाळा बदलायला मंडळाची परवानगी लागते, शिवाय राज्य मंडळाचा अभ्यासक्रमही तोवर वेगळा पडतो. सातवीच्या शेवटी मुलाला बरोबर घेऊन बसावे, राहायचे की परत यायचे हे पुन्हा एकदा मोकळेपणाने ठरवावे, आणि परत यायचे ठरले तर शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रके आणि अनामत रकमेसाठीचा अर्ज एप्रिलमध्येच द्यावा, म्हणजे जूनमध्ये मूल नव्या वर्गात सगळ्यांबरोबर बसते.